काँक्रीटच्या पोटातील पोलाद

(ग्रामपंचायत सदस्य व घर बांधू इच्छिणाऱ्या ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. त्यानंतर ‘स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षित घर’ ही समजूत अनेकांच्या मनात रुजली. ती अर्धीच खरी आहे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. काँक्रीटच्या पोटातील पोलाद पुरेसे आणि योग्य जागी असेल, तरच ते घर भक्कम. मी अभियंता नव्हे. परंतु अभियंत्यांचे शास्त्र सोप्या भाषेत आपल्यापर्यंत पोहोचविणे हे माझे कर्तव्य आहे.

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला सोसवत नाही. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या सुमारे एक दशांशच असते. दोन भिंतींवर टेकलेली तुळई भाराने वाकली की तिची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. म्हणून मुख्य सळ्या खालच्या बाजूस घालतात. छज्जा किंवा गॅलरी यांचे एक टोक अधांतरी असते. तेथे ताण वरच्या बाजूस येतो. म्हणून मुख्य सळ्याही वरच हव्यात.

येथेच घात होतो. समजा, गॅलरीचा स्लॅब १२० मिलिमीटर जाडीचा आहे आणि वरची सळई तळापासून १०० मिलिमीटरवर बांधली आहे. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली ती ३० मिलिमीटर दबली, तर त्या स्लॅबचे बळ सुमारे ३० टक्क्यांनी घटते. लोखंड तेवढेच, खर्चही तेवढाच; परंतु वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. यासाठी वरच्या सळ्यांना लोखंडी घोड्यांचा आधार द्यावा आणि चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात.

‘शेजाऱ्याच्या स्लॅबला जेवढे लोखंड, तेवढेच आपल्यालाही घाला,’ असे अनेकदा सांगितले जाते. हे धोक्याचे आहे. भार तोच ठेवून गाळा ३ मीटरचा ४ मीटर केला, तर वाकविणारा जोर सव्वापट नव्हे, जवळजवळ पावणेदोन पट होतो. म्हणून प्रत्येक घराचा हिशेब स्वतंत्र असतो.

तुळईतील रिंगांचेही तसेच. त्या केवळ सळ्या बांधून ठेवण्यासाठी नसतात. टेकूजवळ तुळईला तिरकी चीर पडू न देणे हे त्यांचे मुख्य काम. तेथे जोर सर्वाधिक असल्याने भूकंपप्रवण भागात त्या टेकूजवळ अधिक दाट बांधतात. रिंगेची टोके नुसती काटकोनात न वळविता १३५ अंशांत, आतल्या काँक्रीटमध्ये वळवावीत. म्हणजे हादऱ्याने बाहेरचा थर निखळला तरी रिंग उघडत नाही.

शेवटची गोष्ट आवरणाची. सळई सेंट्रिंगच्या फळीला टेकली, तर तिच्यापर्यंत ओल पोहोचते. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटला चिरा पाडते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सौम्य हवामानासाठी २० मिलिमीटर, तर समुद्रकिनाऱ्याच्या उघड्या हवेसाठी ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. कोकणातील घराला देशावरचे माप चालणार नाही. सिमेंटचे कव्हर ब्लॉक अल्प खर्चात होतात. विटांचे तुकडे किंवा खडी त्यांच्या जागी वापरू नये.

बंधुभगिनींनो, स्लॅब पडल्यावर आतले लोखंड पुन्हा पाहता येत नाही. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी, आदल्या दिवशी, अभियंत्याला बोलावून आराखड्याप्रमाणे सळ्यांची जाडी, अंतर, रिंगा व आवरण तपासून घ्यावे. गवंडीदादांनीही त्यात कमीपणा मानू नये. ज्या छताखाली आपली मुलेबाळे निजणार आहेत, त्यासाठी ही एका दिवसाची सवड आपण काढाल, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.