मुले, डोंगर आणि गुरुजी



शाळेची सहल म्हटली की आपल्यापुढे काय उभे राहते? एस. टी. ची गाडी, चिवड्याच्या पुड्या, गुरुजींची शिट्टी आणि दिवसभरात पाहून संपवलेली पाच-सहा ठिकाणे. गाडी थांबते, मुले उतरतात, रांग लागते, फोटो निघतो, की पुन्हा गाडी. दुसऱ्या दिवशी वर्गात 'माझी सहल' हा निबंध लिहायला सांगावा, तर चाळीस वह्यांत एकच मजकूर! यात मुलांचा काय दोष? त्यांना पाहायला नेले होते. करायला काही दिलेच नव्हते.

आज बोलायचे आहे ते निराळ्या सहलीविषयी. पायी जायची, डोंगरावर जायची, आणि जिच्यातले निम्मे काम मुलांनीच करायचे. खर्च म्हणाल तर भाकरी-चटणीचा.

कल्पना जुनीच आहे. १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी नावाच्या बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. स्काउट चळवळीचा उगम तो. त्या मुलांत बड्या शाळांतली सुखवस्तू घरची मुले होती, तशीच कामकरी घरांतलीही होती. त्यांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीवर तिच्यातलाच एक मुलगा नायक नेमला. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्सची स्थापना १९५० सालची. गणवेश, झेंडा, दोरीच्या गाठी हे सारे चांगलेच आहे. पण मला त्यात मोलाचे वाटते ते हे टोळीचे तत्त्व. टोळी म्हटले की आपल्याला ऊसतोडीची टोळी आठवते. हसू नका, तिथेही हेच असते. प्रत्येकाला काम असते आणि एक जण मागे पडला तर सगळ्यांना कळते.

आता उदाहरणादाखल लोहगड घेऊ. पुणे-लोणावळा रेल्वेमार्गावर मळवली स्टेशनात उतरले, की भाज्याच्या लेण्यांवरून चालत गडाखाली जाता येते. गड समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडा अधिक उंच. वाट पायऱ्यांची, म्हणून मुलांना सोसते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत हा एक. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये मराठ्यांनी परत घेतला. हा इतिहास जरूर सांगा. पण पायथ्याशी मुलांना उन्हात उभे करून सांगू नका. तसे केले तर वर्गच चार मैल लांब नेल्यासारखे होते! गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे एकामागून एक दरवाजे लागतात. वाट सरळ न जाता तटाखालून वळणे घेत चढते. एक टोळी वर तटाच्या आतल्या बाजूला बसवा, दुसरीला खालून येऊ द्या. येणारे किती पायऱ्या नजरेत राहतात ते वरच्यांनी मोजावे. मग जागा बदला. वाट अशी वाकडी का बांधली, हे तुम्हांला सांगावे लागणार नाही. तेच तुम्हांला सांगतील.

आणि पाणी! ज्या गावांत चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या मुलांना हा प्रश्न खरोखर विचारण्याजोगा आहे. डोंगराच्या माथ्यावर ना नदी, ना ओढा. मग गडावरची माणसे, जनावरे उन्हाळ्यात जगत कशी होती? मुले टाक्याशी जातात, काठावरून डोकावतात. आपला सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यातल्या घट्ट थरात टाके खोदले, की पावसाचे पाणी त्यात टिकते. खोदताना निघालेला दगड तटाला आणि इमारतींना उपयोगी पडतो. एका कामात दोन कामे, बरे का!

इथे गणिताचा तास घ्या. दोरीने टाक्याची लांबी-रुंदी मोजा. खोली मात्र गुरुजींनीच, दोरीला दगड बांधून मोजायची. समजा, दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर खोल. म्हणजे एकशे ऐंशी घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर, तेव्हा एक लाख ऐंशी हजार लिटर. शंभर माणसांना माणशी पंधरा लिटर धरले, तर हे पाणी किती दिवस पुरेल? एकशे वीस दिवस. "पण गुरुजी, उन्हाने आटेल ते?" असे एखादा विचारील. विचारलेच पाहिजे. घोडी किती प्यायची, हेही कोणी विचारील. घनफळाचे सूत्र वर्गात दहादा घोकून जे होत नाही, ते या टाक्याच्या काठावर एकदा होते.

अशा गोष्टी वाटेवर पुष्कळ सापडतात. कड्यासमोर उभे राहून टाळी वाजवा. प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर कडा सुमारे एकशे सत्तर मीटरवर आहे, कारण आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. फार याद्या मात्र करू नका. एका सहलीला दोन-तीन गोष्टी पुरे.

टोळीचा नायक कोण? आपण सहसा पहिल्या नंबरचा मुलगा निवडतो. माझे सांगणे ऐका, या वेळी जरा थांबा. मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. सुट्टीत शेळ्या राखतो, वर्गात कधी बोट वर करीत नाही. त्याला करवीचे रान ठाऊक असते. सात-आठ वर्षांनी एकदा ती निळी-जांभळी फुलते, हे त्याने आजोबांकडून ऐकलेले असते. कुठली घसरण मुरमाची, कुठल्या झाडाला खाज, उतारावर पाऊल आडवे कसे टाकावे, हे तो न शिकवता जाणतो. शाळेच्या वहीत या ज्ञानाला जागाच नसते आणि हळूहळू त्या मुलालाही वाटू लागते की आपल्याला काही येत नाही. पुढे शाळा सुटते ती अशीच. डोंगरावर त्याला पुढे चालू द्या. सोमवारी वर्गात बाकीची मुले त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, तेही पाहा.

आणि मुली? "मुलींना नको, गुरुजी," असे पालक म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. बरोबर दोन बाई असाव्यात, आडोशाची सोय आधी पाहून ठेवावी, अंधाराच्या आत परत यावे. एवढे सांगितले की बहुतेक आया कबूल होतात. १९८४ साली एव्हरेस्टवर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री बचेंद्री पाल या गढवालच्या डोंगरातल्या खेड्यातल्या. बारा वर्षांच्या असताना शाळेच्या सहलीतच त्या पहिल्यांदा उंच डोंगर चढल्या. ती सहल फक्त मुलग्यांची असती, तर?

आता भीतीचे बोलू या, कारण सहली बंद पडतात त्या भीतीनेच. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजची मुले बुडाली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ही उदाहरणे ऐकून गुरुजी म्हणतात, "नकोच ती जोखीम." परंतु नीट पाहा, दोन्ही ठिकाणी घात पाण्याने केला. म्हणून पहिला नियम असा की मुलांची सहल पावसाळ्यात डोंगरावर न्यायची नाही आणि टाक्यात, तळ्यात, समुद्रात कोणी उतरायचे नाही. वर पाऊस झाला की खालचा ओढा घटकेत फुगतो. खाली ऊन असले तरीही. शिवाय पावसाळी रविवारी लोहगडच्या दारांत माणसांची अशी कोंडी होते की खाली उतरणे कठीण. दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंतचे दिवस उत्तम, आणि वार रविवार नसावा.

दुसरी भीती आग्या मोहोळाची. कड्यांना, कमानींना ती लोंबत असतात. तिथे धूर करू नये, दगड मारू नये, अत्तर लावून जाऊ नये. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून दूर पळावे. फुरसे दगडाखाली असते, तेव्हा दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. सर्पदंश झाला तर जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे, यांतले काही करू नये. मुलाला चालवू नये, तो अवयव हलू देऊ नये आणि १०८ ला कळवून थेट दवाखाना गाठावा. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही.

मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि खात्याचे चालू नियम, हे आधी पाहा. दहा मुलांमागे एक मोठे माणूस ठेवा. एक शिक्षक सर्वांत पुढे, एक सर्वांत शेवटी. आणि शेवटच्याच्या मागे कोणीही नाही. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी आणि टोपी हवी. दर अर्ध्या तासाने नायकाने आपली टोळी मोजायची व मोठ्याने आकडा सांगायचा. आणि आधी गुरुजींनी स्वतः ती वाट एकदा चढून यायची. न पाहिलेल्या वाटेवर दुसऱ्यांची मुले नेऊ नयेत.

सुरुवात मात्र लोहगडाने करू नका. आपल्या गावामागे टेकडी असेल, माळ असेल, ओढ्याचे कोरडे पात्र असेल. शनिवारची सकाळची शाळा तिथे भरवा. आणि सोमवारी निबंध सांगू नका. टोळीटोळीला एकेक मोठा कागद द्या आणि वाटेचा नकाशा काढायला लावा. पाणी कुठे, सावली कुठे, मोहोळ कुठे, पाय कुठे घसरला. चार टोळ्यांचे चार नकाशे जुळणार नाहीत. त्यावर भांडू द्या त्यांना. मग पुन्हा एकदा टेकडीवर जाऊन खरे काय ते पाहून या. दुरुस्त झालेला नकाशा भिंतीला लावून ठेवा. पुढच्या वर्षी नवी मुले निघतील, तेव्हा तोच काढून त्यांच्या हाती द्या.