आजोबांची धोकटी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्हांस आज एका छंदाविषयी बोलण्याची आज्ञा झाली आहे. जुने, गंजलेले वस्तरे साफ करून त्यांस पुन्हा धार आणणे, हा तो छंद होय. विषय लहान आहे. परंतु आपल्या नाभिक समाजाच्या घराघरांशी तो निगडित आहे.

माळ्यावरील आजोबांच्या धोकटीत आम्हांस तीन वस्तरे सापडले. मुठी शिंगाच्या, पाती काळवंडलेली. एकावर इंग्लंडातील 'शेफील्ड' गावाचे नाव कोरलेले होते. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन यांनी मुशीत पोलाद वितळविण्याची रीत काढली, आणि पुढे तेथील वस्तरे जगभर गेले. उतावळेपणाने आम्ही नेमका तोच विजेच्या चाकावर धरला. पाते आरशासारखे चकाकले खरे. पण उष्णतेने धार निळी पडली, पोलादाचे पाणी उतरले आणि कोरीव नावही झिजून गेले. चकाकी मिळाली, वस्तरा गेला!

उरलेले दोन आम्ही हातानेच साफ केले. प्रथम तेल लावून गंज सैल केला. नंतर पाण्यात भिजविलेला घासकागद ४०० नंबरापासून २००० पर्यंत क्रमाने, धारेपासून दूर हात नेत फिरविला. खोल डाग तसेच राहू दिले. धार लावताना पाठ व धार दोन्ही दगडास टेकवावी, म्हणजे कोन आपोआप साधतो. पाठ जाड ठेवण्याचे मर्म हेच. दगडावर धार पुढे चालते, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. असा वस्तरा स्वतःपुरताच वापरावा. गिऱ्हाइकासाठी दर वेळी नवे पाते घेणेच योग्य.

घासता घासता ध्यानी आले, की एक पाते टोकाकडे अधिक झिजले आहे. ती आजोबांच्या हाताची वळणे होती. ती पुसण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

मग मनात प्रश्न आला, ही धोकटी माळ्यावर का गेली? खरे सांगावयाचे तर, लाजेने. शिकलेल्या मुलांस ती दिवाणखान्यात नको होती. त्या मुलांत आम्हीही होतो. परंतु १८९० साली मुंबईतील नाभिक बांधवांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. पोटाचे साधन ज्यांनी न्यायासाठी खाली ठेवले, त्यांच्या हत्याराची लाज कसली?

आज ते दोन्ही वस्तरे आमच्या दिवाणखान्यात आहेत. आपल्याही माळ्यावर धोकटी असेल. ती भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडा, गंज काढा. झीज मात्र राहू द्या. एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.