खिडकीबाहेर बर्फ, चेहऱ्यावर केशरी उजेड

आज बोलायचंय चेहऱ्याच्या फोटोबद्दल. दिव्यावर रंगीत कागद लावून त्या फोटोत हवा तो भाव कसा आणायचा, हा आजचा विषय.

हा कागद आपल्याला नवा नाही. आकाशकंदिलाला आतून चिकटवायचो तो जिलेटिनचा कागद आठवतोय ना? गणपतीच्या आरासीत दिव्यांपुढे बांधलेले लाल-निळे कागद? नाटकवाले त्याला जिलेटिनच म्हणतात, इकडचे फोटोग्राफर नुसतं ‘जेल’. पूर्वी तो खरोखर जिलेटिनचा असायचा, आता उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा येतो. कंदिलाचा कागद हॅलोजनजवळ मात्र नेऊ नका, वितळेल. फ्लॅशसाठी बनवलेला जेलच घ्या.

जेल प्रकाशात रंग मिसळत नाही, तो बाकीचे रंग अडवतो. निळा जेल लावला की निळाच उजेड बाहेर येतो. आता आपली त्वचा बघा. गव्हाळ असो, सावळी असो, ती लाल आणि नारिंगी उजेड भरपूर परत पाठवते, निळा त्या मानाने थोडा. म्हणून समोरून निळा दिवा टाकला की आपला चेहरा राखेसारखा दिसतो.

आपल्या गावात हे सांगायला थोडं धाडस लागतं, कारण पेन स्टेटचा निळा-पांढरा सगळ्यांना हवा असतो. (विद्यापीठाचे पहिले रंग गुलाबी आणि काळा होते, निळा-पांढरा १८९० मध्ये आला. चेहऱ्याच्या दृष्टीने गुलाबी बरा होता, असं माझं मत!) मुलांना पदवीच्या फोटोत निळा हवाच असेल तर तो मागच्या भिंतीवर टाका किंवा मागून केसांच्या कडेवर. समोरचा दिवा साधाच ठेवा. माणूस भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे उभा करा, म्हणजे साधा उजेड भिंतीवर पोचून निळा फिका पाडणार नाही.

लाल जेलची तऱ्हा वेगळी. त्यात चेहरा एकसपाट लाल डाग होतो, आणि हिरव्या रंगाचं तर विचारूच नका. लाल उजेडात हिरवी पैठणी काळी दिसते, नवरीचा हिरवा चुडा काळा दिसतो. लग्नाच्या फोटोत कोणाच्या आईला ते चालेल?

सगळ्यात उपयोगी जेल दिसायला सगळ्यात साधा आहे. केशरी. दुकानात तो ‘सीटीओ’ नावाने मिळतो. फ्लॅशचा पांढरा उजेड तो जुन्या पिवळ्या बल्बसारखा करतो. पांढऱ्या उजेडाचं मोजमाप साधारण ५५०० केल्विन, पिवळ्याचं ३२०० च्या आसपास.

हा कागद इथल्या हिवाळ्यात वापरून बघा. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात. परत जातात तेव्हा फोनमध्ये तीनशे फोटो असतात आणि भिंतीवर लावावा असा एकही नसतो. आपल्याकडे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं धरा. आईला खिडकीजवळ खुर्चीत बसवा, बाहेर बर्फ दिसू दे. खोलीतले दिवे घालवा. फ्लॅशला केशरी जेल लावा आणि तो आईच्या एका बाजूला, पांढऱ्या छत्रीतून किंवा पातळ चादरीतून टाका. समोरून टाकलात तर काचेत फ्लॅशच चमकेल. आता कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बल्बच्या चिन्हावर ठेवा. तो ‘ऑटो’वर असेल तर कॅमेरा आपण आणलेली ऊब काढून टाकायला बघतो.

बल्बच्या चिन्हावर केशरी उजेड नेहमीसारखा दिसतो, म्हणून आईचा चेहरा तिचाच राहतो. बाहेरचा बर्फ मात्र गडद निळा होतो. निळा जेल कुठेच लावलेला नाही! आधी फ्लॅश बंद ठेवून बाहेरचं दृश्य किंचित काळोखं येईल असं जमवा, मग फ्लॅश चालू करून चेहऱ्यापुरता हळूहळू वाढवा. बाहेरची थंडी आणि घरातली ऊब, दोन्ही त्या एका चौकटीत येतात. पुण्या-साताऱ्याच्या घरात तो फोटो बघणाऱ्याला आई कुठे राहून आली ते वेगळं सांगावं लागत नाही.

एवढा खटाटोप कशाला, फोन सगळं करतो की, असं कोणी म्हणेल. आपल्या उत्तरेला, याच भागात गाडीने जाता येईल अशा रॉचेस्टरला कोडॅक कंपनी आहे. रंगीत फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना ती नमुन्याची कार्डं पाठवायची, ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्यांना. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा आणि तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर, असा हिशोब. सावळ्या चेहऱ्यातले बारकावे त्यात हरवायचे. जुन्या अल्बममध्ये तुमचे काका-मामा काळपट आले असतील तर दोष त्यांच्या रंगाचा नाही. आता परिस्थिती खूप सुधारली आहे, पण सरासरीवर चालणाऱ्या यंत्राला तुमच्या आईचा रंग माहीत नाही. तो तुम्हाला माहीत आहे.

आणि फोटो छापायला टाकाल तेव्हा ‘ऑटो करेक्शन’ची खूण काढायला विसरू नका. नाहीतर जमवलेलं सगळं निळं-केशरी छपाईचं यंत्र धुऊन काढेल.