लस टोचा, औषध वाचवा
(नभोवाणीवरील भाषण)

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या औषधासाठी परदेशाकडे पाहत बसावे लागे, ते आपल्या घरी पिकू लागले, ही गोष्ट लहान नव्हती. न्युमोनियाने तळमळणारे मूल या औषधाने आठवड्याभरात उठून खेळू लागे. परंतु आज हीच औषधे कित्येक रोगजंतूंपुढे निष्प्रभ ठरू लागली आहेत. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच हा धोका सांगून ठेवला होता. औषध अपुऱ्या मात्रेत घेतले, तर जंतू मरत नाहीत. उलट ते औषधाला सरावतात.

हे सरावणे होते कसे? असंख्य जंतूंमध्ये काही थोडे जात्याच चिवट असतात. औषधाने दुबळे मरतात, चिवट उरतात आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढते. म्हणून विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी उद्याच्या एखाद्या रोग्याच्या औषधाचा गुण थोडा थोडा कमी करीत असते.

श्रोतेहो, ही गोष्ट दूरची नाही. ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार या तीन वस्त्यांचे मिळून आपले शहर झाले. आपल्या मुरारचा हिवाळा बोचरा. पौष-माघात मुले खोकू लागतात आणि त्याच दिवसांत रोटा नावाच्या विषाणूचे जुलाबही जोर धरतात. मजुरीवर जाणाऱ्या आईने काय करावे? दवाखान्यात गेले तर दिवस मोडतो, रोज बुडतो. मग दुकानातून दोन दिवसांचे औषध येते आणि ताप उतरला की उरलेली बाटली फळीवर जाते. तिला दोष देणे सोपे आहे; पण तिच्यापुढे दुसरी वाट कोणती होती? रोटाच्या जुलाबांवर तर अँटिबायॉटिकचा काडीइतकाही उपयोग नाही. तेथे हवी जलसंजीवनी आणि जस्ताची गोळी.

चिठ्ठीवाचून अशी औषधे विकू नयेत, असा कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून त्यांपैकी अनेक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणेही दुकानदारास बंधनकारक आहे. परंतु कायद्याचा हात पोहोचतो तो मूल आजारी पडल्यानंतर. लस पोहोचते ती त्याआधी. मूल आजारीच पडले नाही, तर औषध मागण्याचा प्रश्नच उरत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. २०२० साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात जोसेफ ल्यूनार्ड, रामनन लक्ष्मीनारायण प्रभृती संशोधकांनी कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. न्युमोकॉकसच्या लसीमुळे दोन ते पाच वर्षांच्या मुलांत, ज्यासाठी अँटिबायॉटिक दिले गेले अशा श्वसनविकारांपासून सुमारे २० टक्के संरक्षण मिळते. रोटाच्या लसीमुळे दोन वर्षांखालील मुलांत तशाच जुलाबांपासून सुमारे ११ टक्के, असे त्यांना आढळले. टक्के थोडे वाटतात खरे. पण त्यांच्या हिशेबाने या दोन लसींमुळे औषध द्यावे लागणारी अनुक्रमे २ कोटी ३८ लक्ष आणि १ कोटी ३६ लक्ष आजारपणे दरवर्षी टळत होती. या लसी सर्व मुलांपर्यंत पोहोचल्या, तर आणखी ४ कोटी टळतील.

लसीचा लाभ टोचलेल्या मुलापुरताच राहत नाही. न्युमोकॉकस हा जंतू निरोगी मुलांच्या नाका-घशातही वस्ती करतो आणि तेथून आजी-आजोबांपर्यंत जातो. लसीने ही वस्तीच घटते. अमेरिकेत २००० साली ही लस सुरू झाल्यावर पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंचे गंभीर आजार लहान मुलांत कमी झाले, तसेच ज्यांना लस मिळाली नव्हती अशा वृद्धांतही कमी झाले.

आपल्या देशात रोटाची लस सरकारी कार्यक्रमात २०१६ साली आली. मध्य प्रदेशात ती २०१७ मध्ये आणि न्युमोकॉकसची लस २०१८ मध्ये पोहोचली. २०२१ साली ही दुसरी लसही देशभर देण्याचे ठरले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दोन्ही लसी आपल्याकडेच तयार केल्या आहेत. नवी मुंबई महानगरपालिकेने तर २०१८ मध्ये विषमज्वराची नवी लस मुलांना मोफत देण्यास प्रारंभ केला. विषमज्वराचे जंतू एकामागून एक औषध निकामी करीत चालले असता हे पाऊल दूरदर्शीपणाचे होय.

अर्थात लस हे सर्व दुःखांचे औषध नव्हे. वरील आकडेच सांगतात की, बहुतेक खोकले आणि जुलाब तिच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांसाठी स्वच्छ पाणी, आईचे दूध, धूरविरहित चूल आणि घराजवळ भेटणारा जाणता डॉक्टर यांची गरज आहेच. मुलाचा श्वास जलद चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे अँटिबायॉटिक हे जीवदानच असते. त्या घटकेला ते लागू पडावे, म्हणूनच एरवी ते जपून ठेवावयाचे.

रोटाची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडाने पाजतात. न्युमोकॉकसची सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि पुन्हा नवव्या महिन्यात टोचतात. सरकारी केंद्रांत दोन्हींना पैसा पडत नाही. येथील हिंदी बोलीत लसीला ‘टीका’ म्हणतात. मराठी अर्थाची टीका डॉक्टरांवर, दुकानदारांवर आणि आईबापांवर आपण पुष्कळ केली. आता शेजारच्या वस्तीतील ज्या बाळाचा डोस राहिला असेल, त्याच्या आईसोबत केंद्रापर्यंत चार पावले चालून हिंदी अर्थाच्या टीकेचे काम करू या.