पाव, नानकटाई आणि उतरती आच
(1995 च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सॉफ्टवेअरवाली बाई बोलायला उभी राहिली, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार असं तुम्ही धरून चालला असाल. मी बेकरीवर बोलणार आहे. आपण गिरगावात वाढलो. पहाटे घंटी वाजवत येणारा पाववाला आणि इराण्याचा ब्रुन आपल्याला इतका नेहमीचा होता, की त्यामागे काही इतिहास असेल असं तेव्हा कधी वाटलंच नाही.

पाव आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. 1510 साली त्यांनी गोवा घेतला. पीठ फुगवायला यीस्ट मिळेना, म्हणून माडाची सूर वापरली गेली. पाव हा शब्दही त्यांचाच. 'पायाने मळतात म्हणून पाव' ही आपल्या आज्यांची व्युत्पत्ती साफ खोटी, पण कामाची! ती ऐकल्यावर कोण पावाला हात लावणार? विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि अख्खा गाव बाटला, अशा कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जातात. पुढे गोव्याचे पदेर मुंबईत आले, पाठोपाठ इराणी आले. म्हणजे भट्टी कायम दुसऱ्या कोणाची तरी आणि खाणाऱ्याला जातीची धास्ती.

ही धास्ती किती खरी होती पाहा. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. जमलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशींनी (हो, आनंदीबाईंचे यजमान) हजर मंडळींची नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि पुढे या दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं. कपभर चहा आणि बिस्किटासाठी!

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी आजी पाव खात नसे. पण मे महिन्याच्या सुटीत मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा आमच्या डोक्यावर देऊन ती आम्हाला बेकरीत पिटाळायची. तिथले कारागीर तूप-साखर फेटायचे, गोळे पत्र्यावर मांडायचे, वर चारोळी दाबायचे. आपलंच तूप पडतंय ना, हे बघायला एक पोर तिथे बसवलेलं असे. डबा घरी आला की पहिली नानकटाई आजीच खायची. पाव चालत नाही आणि ही कशी चालते? माझा तर्क असा: पाण्यात कालवलेलं परक्या हातचं चालत नसे, तुपातलं कोरडं त्यामानाने चाले. नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो. शिवाय साहित्य घरचं, फक्त आच त्यांची. नानकटाईतला 'नान' हा फारसी रोटीसाठीचा शब्द आहे, हे आजीला कोणी सांगितलं नाही हे बरंच झालं.

ती आचच आता चालली आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मला हा निर्णय पटतो. भट्टीच्या तोंडाशी आयुष्य काढलेल्या कारागिरांच्या छातीत काय गेलं असेल, याचा विचार आपण खाणाऱ्यांनी कधी केला होता? पण त्याबरोबर काय जातं तेही सांगते. भट्टी म्हणजे जाड विटांची घुमटी. आत लाकडं जाळून विटा तापवायच्या, निखारे बाजूला सारायचे आणि विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर भाजायचं. पहिल्या कडक आचेवर पाव, उतरत्या आचेवर बिस्किटं, नानकटाई आणि शेवटच्या उबेत टोस्ट वाळायचा. एकाच लाकडावर सगळा दिवस निघायचा. इंजिनिअर म्हणून सांगते, यापेक्षा चांगलं वेळापत्रक मी लिहिलेलं नाही.

आपल्याच तुकडीतल्या एकाची बेकरी आहे. तो आज मागच्या रांगेत बसलाय आणि मी नाव घेऊ नये म्हणून खुणा करतोय. त्याने गॅसची ओव्हन घेतली. पाव झकास होतो, मी खाल्लाय. पण पाव झाला की तो गॅस बंद करतो आणि पत्र्याची ओव्हन लगेच निवते. कोणाच्या किलोभर नानकटाईसाठी ती पुन्हा पेटवणं त्याला परवडत नाही. त्यामुळे घरून आणलेलं साहित्य भाजून देणं त्याने या दिवाळीपासून थांबवलंय. दोन-तीन आज्या अजून डबे घेऊन येतात, म्हणाला. त्यांना तो चहा पाजतो आणि परत पाठवतो.