टेलिफोनवरचे इंग्रजी

श्रोतेहो, अकोल्याच्या एखाद्या अडत्याच्या पेढीवर किंवा अमरावतीच्या बियाण्यांच्या दुकानात तुमचा मुलगा, तुमची एखादी विद्यार्थिनी नोकरीला लागली आहे असे समजा. फोन वाजतो. पलीकडून कोइमतूरचा गिरणीवाला इंग्रजीत बोलू लागतो. इकडून उत्तर जाते, "हू आर यू? व्हॉट यू वाँट?" पलीकडचा माणूस गप्प होतो. सौदा राहतो बाजूला!

आता या पोराच्या मनात अपमान करायचे मुळीच नव्हते. घरी ते हेच विचारते, "कोन बोलून रायले जी?" आणि ऐकणाऱ्याला ते गोड वाटते. आपल्याकडे आदर क्रियापदातच असतो, 'सांग' निराळे, 'सांगा' निराळे. वर वऱ्हाडात 'जी' आहेच. इंग्रजीत मात्र तू, तुम्ही आणि आपण या तिघांना मिळून एकच 'यू'. म्हणून तेथे आदर बाहेरून आणावा लागतो. 'मे', 'कुड', 'प्लीज' हे तीन शब्द त्या कामाचे. "मे आय नो हू इज कॉलिंग, प्लीज?" एवढे म्हटले की आपला 'जी' त्यात आला.

फोन दुसऱ्याकडे जोडून देताना तर शब्द आपल्याला फसवतात. आपण "फोन ठेवा" म्हणतो तेव्हा बोलणे संपते. "होल्ड द लाइन, प्लीज" म्हणजे ठेवू नका, धरून राहा. 'पुट यू थ्रू' यातला 'पुट' हाही ठेवण्याचा नव्हे, जोडण्याचा. पूर्वी ट्रंक कॉल एक्स्चेंजमधल्या माणसाच्या हातूनच जोडला जाई. ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून परगावी बोलावे, ही सोय देशात प्रथम १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये झाली. तो माणूस गेला, त्याचे शब्द राहिले. तेव्हा म्हणावे, "आय विल पुट यू थ्रू टू द मॅनेजर." पण जोडण्याआधी आत कोण बोलतो आहे आणि काम काय, ते सांगून ठेवा, बिचाऱ्याला सारी कथा दोनदा सांगायला लावू नका. साहेब जागेवर नसले तर नुसते "नो" म्हणून मोकळे होऊ नये. "ही इज नॉट ॲट हिज डेस्क. मे आय टेक अ मेसेज?"

आणि निरोप घ्यायचा तर आकडा नीट घ्या. फोनवर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' सारखेच ऐकू येतात. रुईची एक गाठ साधारण १७० किलोची. पंधरा गाठींच्या पन्नास झाल्या तर अडीच हजार किलोंचा माल साडेआठ हजारांवर जातो, आणि भांडण कोणाच्या गळ्यात पडते ते सांगायला नको. म्हणून "वन फाइव्ह, फिफ्टीन" असे सुटे आकडे उच्चारून पलीकडच्याकडून वदवून घ्यावेत.

बी, डी, पी, टी ही अक्षरेही अशीच घोटाळ्याची. आपसात 'बी' बडनेऱ्याचा, 'डी' दर्यापूरचा, 'पी' पातूरचा, 'टी' तेल्हाऱ्याचा म्हटले तर चालते. कोइमतूरवाल्याला तेल्हारा काय ठाऊक! त्याला दिल्ली, पुणे सांगावे.

शेतकरी बंधूंनो, २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरला फोन करायचा तर यातले काही नको. तेथे मराठीत बोला.

गुरुजींना एक विनंती. ही वाक्ये फळ्यावर लिहून घोकून घेऊ नका. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे तोंड दिसणार नाही, फक्त आवाज. एकाने कापसाच्या गाठी मागाव्या, दुसऱ्याने निरोप लिहून घ्यावा. तिसऱ्याला मॅनेजर करून वर्गाबाहेर उभे करा, आणि निरोप त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा गाठी किती उरल्या, ते साऱ्या वर्गासमोर मोजा.