काळा दगड आणि कोरडं बोअर

आजचा विषय दगड. हो, दगडच. स्किप करू नका, घरच्या पैशांचा प्रश्न आहे.

शाळेत पाठ केलेलं आठवतंय? अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित. पुण्यात, नाशकात किंवा साताऱ्यात बसून ऐकत असाल, तर तुमच्या पायाखाली यातला पहिला प्रकार आहे, बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर ओतत राहिला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय.

अग्निजन्य खडक ओळखताना मुख्य प्रश्न दोनच. गार कुठे झाला, आणि आत सिलिका किती? शिलारस जमिनीखाली खोल राहिला तर निवांत थंड होतो, स्फटिक मोठे होतात, नुसत्या डोळ्यांना दिसतात. बाहेर आला की पटकन गार, कण बारीक. सिलिका ४५ ते ५२ टक्के असेल तर वर बेसॉल्ट, खाली गॅब्रो. ७० च्या आसपास किंवा पुढे गेली तर वर रायोलाइट, खाली ग्रॅनाइट. आमच्या भाषेत, कोड तोच, सर्व्हर वेगळा.

(किचन ओट्यावरचा काळा 'ग्रॅनाइट' बऱ्याचदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. दुकानदाराशी भांडू नका, त्यांच्या धंद्यात असा चकाकणारा कठीण दगड म्हणजे ग्रॅनाइटच!)

आता बोअरकडे या. लाव्हाचा थर गार होताना वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या भोकांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरतात. विहीर खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण, त्यात तडे नसतील तर पाण्याला जागाच नाही. पाणी असतं वरच्या मुरमात, तड्यांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून तर शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आणि तिथून ५० फुटांवर तुमची नुसती धूळ. देवाचा कोप वगैरे काही नाही, तडा चुकला.

आणि ते "अजून १०० फूट मारू, लागेल"? लागेलही. पण खोल जाल तसे तडे सहसा कमी आणि आवळलेले. बोअरवाल्याचं मीटर मात्र फुटावर चालतं. गावाकडे काका कर्ज काढून तिसरं बोअर मारायला निघाले असतील तर आधी एक फोन करा. जवळच्या जुन्या विहिरीत डोकवायला सांगा, उन्हाळ्यात कुठल्या थरातून पाझर येतो ते कठड्यावरूनच दिसतं. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातही विचारा. आणि गाडी लागलीच, तर दर १० फुटांची चुरी मूठभर बाजूला ठेवा. सलग काळी भुकटीच येत राहिली, तर पुढचे फूट मोजण्याआधी गाडी थांबवून बोला.